बदलीच्या गावी मुलांना काय काम?

बदलीचा आदेश आला की फौजी घरात पहिली आठवण ट्रंकांची होते, दुसरी शाळेच्या दाखल्याची. मुलांच्या मनात काय चाललंय हे आपल्याला विचारायचं असतंच. पण गॅस परत करा, क्वार्टरचा ताबा द्या, सासूबाईंच्या औषधांची सोय लावा, या धबडग्यात ते राहून जातं. निवांत वेळ मिळतो तो थेट रेल्वेत बसल्यावर. तोवर मुलांनी आपली आपण समजूत घालून घेतलेली असते. निदान तसं दाखवायला ती शिकलेली असतात.

हे मी भूतानमधून लिहितेय. पश्चिम भूतानात ‘हा’ नावाचं खोरं आहे, उंची सुमारे २,७०० मीटर. भारतीय सैन्याचं प्रशिक्षण पथक, ज्याला सगळे इम्ट्रॅट म्हणतात, १९६२ पासून इथं आहे. भूतानच्या शाही सैन्याला प्रशिक्षण देणं हे त्याचं काम. माझे यजमान या पथकात आले आणि त्यांच्या मागोमाग आम्ही तिघं: मी, पाचवीतली लेक आणि पहिलीतला मुलगा.

‘परदेशी पोस्टिंग’ म्हटल्यावर साताऱ्याकडं आमच्या गावात सगळ्यांचे डोळे मोठे झाले होते. प्रत्यक्षात हासीमाऱ्याला रेल्वेतून उतरायचं, जयगाव गाठायचं आणि कमान ओलांडून फुन्शोलिंगला पाऊल ठेवायचं. आपल्याला व्हिसा लागत नाही. दुकानदार आपला रुपया घेतात, कारण इथलं न्गुलत्रुम आणि आपला रुपया एकाच मोलाचे. हिंदी पुष्कळांना समजतं. त्यामुळं आपल्याला मोठ्यांना वाटतं, हा कसला परदेश!

मुलांच्या बाजूनं बघितलं की मग कळतं. शाळेत मुलगे घो घालून येतात, मुली किरा नेसून. सकाळची प्रार्थना झोंगखात. शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं, म्हणजे आपल्याकडची मुलं वार्षिक परीक्षेच्या तयारीत असतात तेव्हा इथं नव्या वह्यांना कव्हर घालायचं चाललेलं असतं. घड्याळसुद्धा अर्धा तास पुढं. धाकट्याला त्या अर्ध्या तासाचं फार लागलं होतं. आजीला फोन लावला की तो पहिलं विचारायचा, “आजी, तुझ्याकडं अजून सात वाजले नाहीत ना?” आजी म्हणायची, नाही रे बाबा, अजून दिवेलागणच आहे. मग तो थोडा गप्प बसायचा. दोघांचे सात एका वेळी वाजत नाहीत हे त्याच्या लेखी सगळ्या अंतरापेक्षा मोठं होतं.

अशा वेळी आपण काय करतो? घाईघाईनं गोड बोलतो. “अरे, डोंगर बघ किती सुंदर! बर्फ पडणार आहे इथं, बर्फ! तिकडच्या मुलांना मिळतं का असं?” आपला हेतू चांगलाच असतो. पोराचा चेहरा उतरलेला आपल्याला बघवत नाही. त्यातून आपणही दमलेले असतो. घाटातली वळणं, मुलांच्या उलट्या, थंडगार घर, कुकरच्या चार शिट्ट्यांनंतरही न शिजलेली डाळ. त्यात मूल रडायला लागलं तर आपणच रडू अशी भीती असते. म्हणून आपण त्याला बर्फ दाखवतो.

पण मुलाला त्या क्षणी बर्फ नको असतो. त्याचा पुण्यातला खालच्या मजल्यावरचा मित्र हवा असतो, ज्याच्या घरी तो चप्पल न घालता जायचा. तो मित्र आपण आणून देऊ शकत नाही. ‘हो रे, आठवण येणारच, तो फार छान होता,’ एवढं म्हणून शेजारी बसता येतं मात्र. मला अनुभवानं पटलंय की मुलांचं वाईट वाटणं आपण मध्येच तोडलं नाही, तर ते आपोआप संपतं. तोडलं की ते आत जाऊन बसतं आणि भलत्याच वेळी, वरणात मीठ कमी आहे म्हणून, बाहेर येतं.

थोरलीचं वेगळंच. ती रडली नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं सांगून टाकलं, “इथं मी कुणाशी फार मैत्री करणार नाही. पुन्हा जायचंच आहे.”

फौजी आईबापांनो, हे वाक्य तुमच्याही घरात कधी ना कधी बोललं गेलं असेल. नोकरीसाठी राज्याराज्यांतून फिरणाऱ्या, दुबईला, सिंगापूरला गेलेल्या घरांतही बोललं जात असेल. त्यात हट्ट नाही, उद्धटपणाही नाही. जिनं आजवर तीन शाळा सोडल्या तिनं लावलेला तो हिशोब आहे, आणि हिशोब म्हणून बघितला तर तो बरोबरही आहे. मी तिला ‘असं बोलू नये’ म्हटलं नाही. पण रात्री झोप लागली नाही एवढं खरं. कारण दहा वर्षांच्या मुलीनं जीव लावायच्या आधीच हात आखडता घ्यावा, हे मला सोसत नव्हतं.

आता थोडं यांच्याविषयी. याआधी हे सीमेवर होते आणि आम्ही पुण्यात, सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नवरा फील्डला असतो तेव्हा बायकामुलांना शांत ठिकाणच्या छावणीत वेगळं घर मिळतं. तिथं सगळ्या घरांमध्ये आयाच. बल्ब बदलणं, पालकसभा, तापाच्या रात्री, सगळं एकटीनं. मुलांना तेच घर वाटायला लागतं. बाबा म्हणजे रात्रीचा व्हिडिओ कॉल आणि सुट्टीतले काही आठवडे.

मग एकदम असं पोस्टिंग येतं की बाबा रोज संध्याकाळी घरी. आपल्याला वाटतं, आता काय, आनंदीआनंद! पण आमचा धाकटा बाबा समोर बसलेले असताना मला स्वयंपाकघरात येऊन विचारायचा, “आई, मी खेळायला जाऊ?” बुटाची लेस बांधायला माझ्याकडं. स्वप्न पडलं तर माझ्याकडं. हे काही बोलायचे नाहीत, पण वर्तमानपत्रामागचा त्यांचा चेहरा मला दिसायचा. ज्याच्यासाठी इतकी वर्षं मन ओढलं, ते लेकरू आपल्याला परवानगीसुद्धा विचारत नाही!

अशा वेळी आपण बायका मध्ये पडतो. “जा ना, बाबांना सांग, बाबांना किती वाईट वाटेल!” पोराच्या डोक्यावर आणखी एक ओझं. त्याला बिचाऱ्याला कळत नाही की या माणसाशी नेमकं काय बोलायचं. आणि बाबांनाही कळत नसतं. ‘अभ्यास झाला का’ आणि ‘जेवलास का’ संपलं की दोघं एकमेकांकडं बघत बसतात. समोरासमोर बसवून माया होत नाही हो. दोघांना मिळून काहीतरी करायला लागतं, आणि ते काहीतरी आमच्याकडं आलं ते एका अनपेक्षित दारानं.

ते सांगण्याआधी ‘आवा’बद्दल सांगायला हवं. सैनिकांच्या पत्नींची आवा ही संघटना १९६६ पासून आहे. वीरपत्नींना आधार देणं, बायकांना काही कौशल्य शिकवणं, विशेष मुलांसाठी ठिकठिकाणच्या छावण्यांत ‘आशा’ शाळा चालवणं अशी तिची कामं. बाहेरच्यांना वाटतं, फौजी बायका म्हणजे पार्ट्या. यात किती जणींचा घाम गेलाय ते आत आल्यावर कळतं. पुण्यात मी आठवड्यातून काही दुपारी आशा शाळेत जायचे. मनापासून जायचे. आणि एके दिवशी थोरली म्हणाली, “त्या मुलांना तू एक गोष्ट दहादा समजावतेस. मला एकदाच.”

ती बरोबर बोलत होती. सेवेच्या कामात असलेल्या बहुतेक आया मला हेच सांगतात. आपला धीर, आपलं हसू, आपला मऊ आवाज बाहेर खर्च होतो आणि घरी येईतो उरतो तो ‘लवकर आटपा’चा आवाज. मुलांना आपलं काम वाईट वाटत नाही. त्यांना त्या कामाचा हेवा वाटतो. आई जिथं जाते तिथं तिला हवं ते काहीतरी आहे आणि आपण त्यात नाही, असं त्यांना वाटतं. डॉक्टर, शिक्षिका, गणपती मंडळात राबणारे बाबा, वारीच्या काळात अन्नछत्रात उभी राहणारी आई, सगळ्यांच्या मुलांना हे वाटत असणार.

इथं आल्यावर दवाखान्यात मदतीला जाण्याचा विषय निघाला. इम्ट्रॅटच्या दवाखान्यात आपल्या फौजी कुटुंबांबरोबर खोऱ्यातले लोकही उपचाराला येतात. लांबून आलेल्या बाया पाठीशी बाळ बांधून, दुसऱ्या पोराला हाताशी धरून बाकावर बसून राहतात. नंबर येईपर्यंत पोरं कंटाळतात, रडतात, एकमेकांना ढकलतात. आम्ही काही जणींनी तिथं कोपऱ्यात एक सतरंजी, थोडी चित्रांची पुस्तकं आणि रंगीत खडू ठेवायचं ठरवलं. परवानगी रीतसर काढली. फौजी घरानं परक्या देशात काहीही करायचं तर आधी विचारावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

या वेळी मी मुलांना घेऊन गेले. ‘बघायला चला’ असं म्हणून नाही, काम देऊन. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपण मुलांना सेवाकार्याला नेतो तेव्हा बरेचदा काय होतं ते तुम्हालाही आठवेल. मूल बाजूला उभं राहतं. मोठी माणसं वाटप करतात. शेवटचं एक पाकीट मुलाच्या हातून देववतात, तेवढ्यात फोटो. मूल घरी येतं आणि विसरतं. कारण ते तिथं नसतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. मुलाला असं काम द्यायला हवं की त्यानं ते केलं नाही तर खरंच अडेल. लहानच असू दे, पण खरं.

धाकट्याला आम्ही खडूंचा कारभार दिला. किती नेले, किती परत आले, तुटलेले वेगळे, टोकं काढायची. पहिल्या रविवारी त्याचा लाल खडू कुणीतरी खिशात घालून नेला तर तो कासावीस झाला. मी समजवायला जाणार, तेवढ्यात हे त्याच्याशेजारी खाली बसले आणि गंभीरपणे म्हणाले, “स्टोअरमध्ये आमचंही कमी येतं कधीकधी. मग आम्ही रजिस्टरला लिहितो.” झालं! दुसऱ्या दिवशी रजिस्टर आलं. बाबांनी पट्टीनं रेघा मारल्या, मुलानं जीभ बाहेर काढून ‘लाल १ कमी’ लिहिलं. तेव्हापासून दर शनिवारी रात्री दोघांचं टोकयंत्र घेऊन बसणं सुरू झालं. हात कामात असले की बोलणं आपसूक निघतं. बाबा लहानपणी कोणत्या शाळेत होते, बाबांना अंधाराची भीती वाटायची का, बॉर्डरवर थंडीत शी कशी करतात. मी मुद्दाम आतल्या खोलीत थांबायचे. लेस बांधायला तो आता कुणाकडं जातो हे मी सांगत नाही, तुम्ही ओळखा.

थोरलीला वाचून दाखवायचं काम. इथल्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या, त्यामुळं लहानांनाही चित्रांच्या पुस्तकातली इंग्रजी वाक्यं समजतात. पण मध्ये मध्ये ती झोंगखात काहीतरी विचारतात आणि ही अडते. एका चुणचुणीत पोरीनं हिचे झोंगखाचे उच्चार सुधारायचं मनावर घेतलं. ‘कुझुझांगपो ला’ म्हणून नमस्कार करायचा तो कसा, ‘ला’ किती हळू म्हणायचा, सगळं. वर्गात जिला नवखी म्हणून अवघडल्यासारखं व्हायचं, ती इथं हसत हसत एका चिमुरडीकडून शिकत होती. तिनं ‘मी मैत्री करणार नाही’ हे वाक्य मागं घेतलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. फक्त रविवारी सकाळी ती माझ्याआधी तयार होऊन बसायला लागली.

एक काळजी मला सुरुवातीपासून होती. आपण मोठ्या देशातून आलो, आपण यांना मदत करतो, असं काही मुलांच्या मनात नकळत शिरू नये. मोठ्यांच्या बोलण्यातून ते फार पटकन शिरतं. इथले मोठे रस्ते आपल्या सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पानं बांधले, काम सुरू झालं १९६१ मध्ये. फुन्शोलिंगहून थिंफूला जाणारा रस्ताही त्यातलाच. त्याआधी या डोंगरात घोड्या-खेचरांशिवाय प्रवास नव्हता. कडे फोडताना, दरडींखाली दंतकची हजाराहून जास्त माणसं गेली. हे मुलांना सांगावंच. आपल्या माणसांनी इथं जीव दिला याचा अभिमान हवा. पण त्या अभिमानात शेजाऱ्याचं कर्तृत्व झाकून जायला नको.

ते काम आमच्या शेजारच्या आजीबाईंनी केलं. त्यांना कळलं की आम्ही पुण्याहून आलो. म्हणाल्या, तुमच्या पुण्याची लस टोचून घेतली मी. जानेवारी २०२१ मध्ये भारतानं दीड लाख मात्रा भेट म्हणून पाठवल्या, त्या पुण्यात बनलेल्या कोविशील्डच्या होत्या. नंतर आणखी आल्या, आणि मार्चअखेर सुरू करून भूताननं दोन-अडीच आठवड्यांत बहुतेक सगळ्या प्रौढांना पहिला डोस दिला. धाकटा लगेच फुशारला. “म्हणजे आम्ही वाचवलं ना तुम्हाला?” आजीबाई हसल्या आणि त्यांनी भिंतीवरचा फोटो दाखवला. नारिंगी गणवेशातला त्यांचा मुलगा. तो ‘देसुंग’चा स्वयंसेवक. राजांनी २०११ मध्ये हे स्वयंसेवकांचं प्रशिक्षण सुरू केलं. शिक्षक, शेतकरी, सरकारी नोकर, दुकानदार, कुणीही त्यात जातो. पूर आला, आग लागली, गर्दी सांभाळायची असली की हे नारिंगी कपडेवाले हजर. महामारीत सीमेवरच्या रस्त्यांवर रात्र रात्र पहारा त्यांनी दिला होता. लस पुण्याहून आली खरी, पण या डोंगरांतल्या दूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत ती नीट पोचावी म्हणून कष्ट इथल्याच लोकांनी उपसले.

धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हापासून त्याला नारिंगी जॅकेट हवंय. मला बरं वाटलं, कारण ‘आपण यांना मदत करतो’ याच्या जागी ‘हे लोक आधीपासूनच करतायत, आपणही त्यात’ असं काहीतरी आलं.

याच आजीबाईंकडं आम्ही होंते करायला शिकलो. हा ‘हा’ खोऱ्याचा खास पदार्थ, फापऱ्याच्या म्हणजे बकव्हीटच्या पिठाची पारी, आत शलगमाचा पाला आणि चीज. आकार थेट आपल्या करंजीसारखा. थोरलीनं मुरड घातली ती बघून आजीबाई खूश. संक्रांतीला आम्ही तिळगूळ दिला, तीळ इथं सहज मिळत नाहीत म्हणून आईनं पार्सलमधून पाठवले होते. घेणं मुलांना दिसलं पाहिजे, देण्याइतकंच. आई शेजारणीकडून काहीतरी शिकतेय, बाबा कुणालातरी ‘कादिनछे ला’ म्हणून आभार मानतायत, हे दिसलं की परकं गाव लवकर सैल होतं.

फोटोंविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत. आपल्या सगळ्यांना मोह होतो. मूल छोट्यांना वाचून दाखवतंय, मागं डोंगर, असा फोटो आज्जी-आबांना पाठवावासा वाटणारच. फौजी घरांना तसंही जागा, गाड्या, माणसं दिसतील असं काही टाकायचं नसतं. पण ते बंधन नसतं तरी मी दवाखान्यात फोन बाहेर काढला नसता. आजारी बाळ मांडीवर घेतलेल्या आईला आपल्या पुण्यकर्माची पार्श्वभूमी का करायचं? शिवाय मुलांना लगेच कळतं की काम फोटोसाठी आहे की कामासाठी. आजीला हवं असेल तर धाकटा खडूंचं रजिस्टर वाचून दाखवतो. आजी शेतातल्या पोत्यांचा हिशोब ऐकावा तशी मन लावून ऐकते आणि विचारते, “हिरवा का रे इतका संपतो?” तर म्हणे सगळ्यांनाच इथं डोंगर काढायचे असतात.

आता भीतीबद्दल. आपण ती मुलांपासून लपवतो आणि आपल्याला वाटतं, लपली. डोकलामचं पठार याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला लागून. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथं भारत आणि चीनचं सैन्य ७३ दिवस समोरासमोर उभं होतं. तेव्हापासून टीव्हीवर तो नकाशा नुसता झळकला तरी गावाकडून फोन सुरू होतात. मी खिडकीपाशी जाऊन हळू आवाजात बोलते, आणि मुलं लगेच टीव्हीचा आवाज कमी करतात. म्हणजे ऐकतात. आता मी बाहेरच्याच खोलीत बसून बोलते. बाबा कुठं आहेत, रात्री येणार आहेत की नाही, जे सांगता येतं ते सांगते. जे सांगायचं नसतं त्याला ‘हे मी सांगू शकत नाही’ म्हणते. ‘काही नाही, तू झोप’ यापेक्षा ते मुलांना कमी घाबरवतं. थोरलीनं एकदा विचारलं, “तुला भीती वाटते?” वाटते, म्हटलं, कधीकधी. ती म्हणाली, “मग ठीक आहे.” तिला तिच्या एकटीलाच वाटते असं वाटत होतं.

सगळ्याच रविवारी आम्ही जातो असं नाही. कधी यांची ड्युटी, कधी सर्दी, कधी निव्वळ कंटाळा. हिवाळ्यात चेले लाच्या खिंडीत बर्फ साचतो, गावात नळ गोठतात. अशा दिवशी मी मुलांना ओढून नेत नाही. सक्तीच्या सेवेनं मुलं सेवेवरच रुसतात. पण न जायचं झालं तर ते कळवायचं, हे त्यांचं काम. “आज आम्ही येणार नाही, पेटी कपाटात वरच्या कप्प्यात आहे,” असा फोन थोरली स्वतः करते. तेवढी जबाबदारी मी सुटू देत नाही, कारण तिथं कुणीतरी खरंच वाट बघत असतं.

आणि निघायच्या दिवसाची तयारी आधीपासून करावी, हे माझं कळकळीचं सांगणं. आपण मुलांना शेवटच्या आठवड्यापर्यंत सांगत नाही, उगाच अभ्यासावर परिणाम नको म्हणून. मग मूल कुणाचा निरोप न घेताच उठतं. गेल्या हिवाळ्यात आमच्याआधी एक कुटुंब गेलं. त्यांच्या मुलीनं पुस्तकांचा चार्ज रीतसर थोरलीला दिला होता: कोणतं पुस्तक फाटलंय, कोणत्या बाळाला वाघाच्या चित्राची भीती वाटते, कोणता मुलगा वाचता येत नसतानाही येतं असं सांगतो आणि त्याला तसं सांगू द्यायचं. चार्ज द्यायचा असतो हे फौजेत आपण रोज बघतो, मुलांना मात्र तो द्यायची संधी देत नाही. थोरलीनं ते पान जपून ठेवलंय आणि स्वतःचंही लिहायला घेतलंय, अजून बदलीचं नाव नसताना.

खरा पेच पुढचा आहे. थोरली आता सहावीत जाईल. सहावीच्या प्रवेशासाठी सैनिक स्कूलची परीक्षा देता येते. १९६१ मध्ये सुरू झालेलं साताऱ्याचं सैनिक स्कूल देशातलं पहिलं. यांच्या मनात लहानपणापासून ते. २०२१ पासून सैनिक शाळांत मुलींनाही घेतात, म्हणून यांना वाटतं लेकीनं जावं. आजी-आबा तिथून जवळ, शाळा एकच राहील, दर बदलीला दाखला नको. सगळं खरं. आणि मला वाटतं, ती आत्ता कुठं उमललीय, आत्ता तिला आणखी एका ठिकाणाहून उठवू नये. आमच्या दोघांत यावरून रात्री उशिरापर्यंत बोलणी चालतात, आवाजही चढतो.

परवा आम्ही तिलाच समोर बसवलं. दोन्ही बाजू सांगितल्या, आमचं एकमत नाही हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “फॉर्म भरायच्या आधी मला तिथल्या एखाद्या मुलीशी बोलायचंय. सरांशी नाही, मुलीशी.” माझ्या मावसबहिणीच्या ओळखीतून एक मुलगी मिळाली आहे. रविवारी दुपारी, दवाखान्यातून आल्यावर फोन ठरलाय. विचारायचे प्रश्न थोरलीनं वहीत लिहून काढलेत. आम्हा दोघांना ते वाचायची परवानगी नाही.